पुरुषांच्या आरोग्याची पाहणी : सकाळी अकरा वाजता घरात कोण असतं?

येरळाकाठचा

मंडळी, बरीच वर्षं इथं नुसता वाचनमात्र आहे. आज लिहायला कारण झालंय आणि लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

गेला दीड महिना एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाहणीत सर्वेक्षक म्हणून फिरतोय. विषय ग्रामीण पुरुषांचं आरोग्य. बीपी, शुगर, कमरेचा घेर, लघवीच्या तक्रारी, झोप, व्यसनं. वय ३० ते ७०. गावं खानापूर तालुक्यातली, म्हणजे विट्याच्या आसपासची. कॉलेज कुठलं, गाव कुठलं ते विचारू नका, आणि कुणाची शुगर किती निघाली हेही माझ्या तोंडून निघणार नाही. माझं दुखणं वेगळंच आहे. ते आहे फॉर्मच्या पहिल्या पानाचं.

पहिल्या पानावर रोग नसतोच. वय, शिक्षण, व्यवसाय, प्रवर्ग, लग्न, घरात माणसं किती, रान किती. प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या होत्या, "हे पान पाच मिनिटांत उरकतं, वेळ पुढच्या पानांना राखून ठेवा." झालं उलटंच. बीपीच्या यंत्राचं काय, पट्टा गुंडाळला की आकडा देऊन मोकळं. पहिल्या पानाला मात्र कधीकधी अर्धा तास जातो आणि तरी लिहिलं ते खरं याची खात्री नसते.

वयच घ्या. साठीच्या पुढच्यांचं आधार कार्ड बघितलं की जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. एका आबांच्या कार्डावर १ जून १९६४. मला काही ते पटेना, म्हणून जुन्या घटना विचारत बसलो. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आठवतो का? "आठवतो की. उतरंडीची गाडगी फुटली, आई रडत हुती." बहात्तरचा दुष्काळ? "बहात्तरला म्या खडी फोडायला हुतो. हजेरीवर माजं नाव मोठ्या माणसात लावल्यालं." आता ६४ साली जन्मलेलं पोर बहात्तरला आठ वर्षांचं. ते मोठ्यांच्या हजेरीत कसं बसेल? म्हटलं, आबा, तुम्ही सत्तरीच्या पुढं आहात. आबांनी माझ्या हातातल्या सुईच्या डबीकडं बघितलं. "सत्तरीच्या फुडच्याचं रगत फुकट तपासत न्हाईत न्हवं? मग कार्डावर हाय तेच लिवा."

लिहिलं. काय करणार?

शिक्षणाचा रकाना तर वेगळीच गंमत. जुनी सातवी झालेले तात्या खणखणीत आवाजात 'फायनल' म्हणून सांगतात. त्या काळी फायनल झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचा. आणि त्याच कोडात सातवीतनं शाळा सोडलेला पस्तिशीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. कागदावर दोघं सारखे शिकलेले.

व्यवसायाला 'एकच पर्याय निवडा'. एक गडी पहाटे डेअरीला दूध घालतो, दिवसा दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, सीझनला कारखान्यावर जातो आणि सव्वा एकर रान आहे त्यात मका. म्हटलं, शेती लिहू? तर म्हणाला, "शेती नगं. धाकट्याचं लग्नाचं चाललंय, धंदा लिवा." अहो, हा कागद कुणाला दाखवत नाहीत. "तरीबी."

पण हे सगळं परवडलं. खरा घोळ पुढं आहे. यादीत घर निघालं की तिथं जायचं, कुलूप असेल तर तीन खेपा घालायच्या, तरी कुलूपच असेल तर 'अनुपस्थित' लिहून पुढं. एका वस्तीवर मी ओळीनं लिहिलं : कुलूप, म्हातारी एकटी, कुलूप, म्हातारा-म्हातारी, सून आणि लहान मूल, कुलूप. आणि ही पडकी घरं नव्हेत हो. दुमजली बंगले, स्टीलचं रेलिंग, दारावर 'श्री सिद्धनाथ प्रसन्न'. एका कुलपाला गंज चढू नये म्हणून दुधाची पिशवी उलटी करून बांधलेली, वर रबर.

तुम्हाला माहीत आहेच, ही माणसं गलाईला गेलेली. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडं माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत.

आता माझा प्रश्न. उद्या या पाहणीचा अहवाल निघेल. त्यात पहिलाच तक्ता असेल, सहभागींची माहिती : इतके शेतकरी, इतके दहावीच्या आत, सरासरी वय अमुक. वाचणारा म्हणेल, खानापूर तालुक्यातला पुरुष असा असतो. पण मी तर सकाळी अकरा वाजता घरात सापडलेला पुरुष मोजलाय. त्याला तालुक्याचा पुरुष म्हणायचं का?

---

खटावची लेक

१ जूनला माझ्या माहेरी सामुदायिक वाढदिवस असतो. वडील आणि दोन्ही चुलते. त्यातल्या दोघा चुलत्यांचं सालसुद्धा एकच आहे, जुळे नाहीत, मधे तीन वर्षांचं अंतर. धाकट्याला एकटं घरी सोडायला नको म्हणून थोरल्याबरोबरच शाळेत बसवला, गुरुजींनी दोघांनाही तीच तारीख लावली. बँकेत केवायसी करताना मॅनेजरने विचारलं होतं, आजीला जुळी झाली होती का म्हणून.

बाकी धागा आवडला. वाचतेय.

---

आकडेमोड

धागालेखक, तुमची शंका अगदी रास्त आहे. नोकरीभर आकड्यांतच गेलो, म्हणून जरा सविस्तर.

आधी वय. विचारून मिळालेलं वय आपल्याकडं ० आणि ५ वर साचतं. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. किती साचलंय हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक वापरतात, २३ ते ६२ या वयांत ० आणि ५ ने संपणारी वयं अपेक्षेपेक्षा किती जास्त आली ते त्यात बघायचं. यात बिघडतं काय? तुमचे गट ३०-३९, ४०-४९ असे असतील तर ही सगळी साचलेली वयं गटाच्या उंबऱ्यावर येतात. अडतीसचा गडी 'चाळीस लिवा' म्हणाला की उडी मारून पुढच्या गटात. मग वयाबरोबर बीपी कसं चढतं ती रेघच पुसट होते. तुम्ही भूकंप आणि दुष्काळ विचारून वय काढलंत ही पद्धत शास्त्राला मान्य आहे. स्थानिक घटनांची यादी आधी छापून घ्यायची असते. आबांचं वय कार्डाचं लिहिलंत ते लिहिलंत, पण शेजारी तुमचा अंदाजही लिहायला हवा होता.

आता मोठी गोष्ट. पुरुष न सापडणं हे तुमच्या एकट्याचं रडगाणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) बघा : मुलाखती दिलेल्या स्त्रिया ७,२४,११५ आणि पुरुष १,०१,८३९. हा फरक मुख्यतः आखणीतलाच, कारण पुरुषांची प्रश्नावली १५ टक्केच घरांत नेतात. पण ज्यांना गाठायचं ठरवलं होतं त्यांतही बायका ९७ टक्के मिळाल्या आणि पुरुष ९२ टक्के. पहिल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे १९९२-९३ आणि १९९८-९९ ला, पुरुषांना प्रश्नावलीच नव्हती. तिसऱ्या फेरीपासून ते आले.

आणि १५ टक्के घरांतून राज्याचं चित्र मिळतं, जिल्ह्याचं नाही. बीपी-शुगर जिल्हावार मिळेल, पण सांगली जिल्ह्यातला पुरुष स्वतःच्या तोंडानं काय सांगतो हे त्यात शोधू नका. शिवाय पुरुषांची वयोमर्यादा ५४. लघवीच्या तक्रारी जिथून सुरू होतात तिथंच वही मिटते. पंचेचाळिशीपुढच्यांसाठी 'लासी' नावाची वेगळी पाहणी निघाली तेव्हा म्हातारे जरा उजेडात आले. म्हणून तुमच्यासारख्या लहान पाहण्यांना किंमत आहे, आणि म्हणूनच त्यांचं पहिलं पान नीट हवं.

---

दंडोबा

अकरा वाजता जाऊन पुरुष शोधणारे तुम्ही पहिलेच बघितले, राग मानू नका :) अकराला गावात मास्तर, ग्रामसेवक आणि बसून राहिलेले एवढेच असतात.

आमच्याकडं (मिरज पूर्व भाग) शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात गडी रात्रभर पाणी पाजतो आणि दिवसा बारापर्यंत झोपलेला असतो. घरातली म्हणते 'रानात गेल्यात', कारण झोपलेल्या माणसाला उठवून सुईवाल्यापुढं कोण उभा करणार? माझं ऐका, सकाळी सहा-साडेसहाला दूध डेअरीवर उभे रहा. कॅन घेऊन सगळे येतात. फॅट लागेपर्यंत दहा मिनिटं कुणालाच हलता येत नाही.

---

आकडेमोड

दंडोबा, डेअरीवर फक्त दूध घालणारा पुरुष मिळेल. ज्याच्याकडं जनावर नाही तो, म्हणजे नेमका मजूर गडी, तिथं येणारच नाही. अकरा वाजताचा एक कल, डेअरीचा दुसरा कल.

---

दंडोबा

मग तालमीत जा. तिथं बीपी एकदम फस्क्लास निघेल, सरकार खूश.

---

आटणी

मी ते कुलूप.

कोइमतूरमधून लिहितोय. गाव आटपाडी तालुक्यातलं. एकोणीस वर्षं झाली. आधी मामाच्या दुकानात पोऱ्या म्हणून होतो, आता भागीत स्वतःचं आहे. येरळाकाठचा, तुम्ही लिहिलेली दुधाची पिशवी वाचून बायकोला हाक मारली. आमच्याही कुलपाला आहे, आईनं शिकवलेलं.

तुम्ही मला 'अनुपस्थित' लिहिलंत ते बरोबरच आहे. पण मग मी उपस्थित कुठं आहे ते सांगा. इथल्या पाहणीवाल्यांनी एकदा आमच्या गल्लीत घरं मोजली. दुकानाच्या वर राहतो, जिना आतून. त्यांना दुकान दिसलं, घर दिसलं नाही. मतदान गावाला, रेशनकार्ड गावाला, आधारवर गावचा पत्ता. म्हणजे गावच्या यादीत नाव आहे आणि माणूस नाही, इथं माणूस आहे आणि नाव नाही.

आणि तपासायचंच असेल तर आम्हाला तपासा की. दिवसभर भट्टी. सोन्यातली चांदी काढायला तेजाबात घालावं लागतं, त्याचा पिवळट-तांबूस धूर निघतो, घशात खवखवतं. आता पंखे लावतात, धुराडी काढतात. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत खिडकी उघडी ठेवायची एवढीच काळजी. दुपारी भट्टीपुढून उठलं की पाणी पण नको वाटतं, मग मुतखडा. आमच्या गल्लीत आटपाडी-विट्याची माणसं जमली की गप्पा दोनच, गावाकडं पाऊस आणि कुणाचा खडा पडला.

गावात मागं राहिलेल्यांची प्रकृती बघून गावच्या पुरुषांची प्रकृती ठरवणार असाल तर धंद्यानं जे होतं ते सगळं तुमच्या तक्त्यातनं गळालं. ते अंगावर घेणारे आम्ही बाहेर आहोत. आजारी पडून कायमचा परत आलेला तेवढा तुम्हाला घरात सापडेल, आणि त्याच्यापुढं तुम्ही लिहाल 'व्यवसाय : काही नाही'.

---

खटावची लेक

आटणीदादा, शेवटच्या वाक्यावर थांबले. माझे काका मुंबईत माथाडी होते, पाठीचा मणका गेला म्हणून परत आले. कुणीही विचारलं तर म्हणतात, 'काय नाय, बसून असतो.' ओझी वाहिल्याची बत्तीस वर्षं त्या एका शब्दात बुडाली. फॉर्ममध्ये 'आधी काय करत होता' हा प्रश्नच नसतो का?

---

येरळाकाठचा

ताई, नाहीये. फक्त 'सध्याचा मुख्य व्यवसाय'. उद्याच मॅडमना सांगतो.

---

आकडेमोड

आटणींनी जे लिहिलंय ते खानेसुमारीतही डोकावतं, फक्त वाचता आलं पाहिजे. २०११ ला महाराष्ट्रात हजार पुरुषांमागं ९२९ स्त्रिया. सातारा ९८८, सांगली ९६६, रत्नागिरी ११२२. साताऱ्याचा आकडा बघून भाषणात टाळ्या घेतात, मुलींचा सन्मान वगैरे. पाटण-जावळीची माणसं मुंबईत आहेत, म्हणून भागाकार तसा येतोय. मुलींचा सन्मान बघायचाच असेल तर शून्य ते सहा वयाचा आकडा काढा : २००१ ला साताऱ्यात हजार मुलांमागं ८७८ मुली, सांगलीत ८५१.

---

पस्तिशीपार

खास या धाग्यासाठी आयडी काढलाय.

वरच्या ८५१ चा हिशेब करा. २००१ ला सहा वर्षांच्या आत असलेली ती पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत. मी त्यांच्याहून थोरला, ३६. तीन एकर बागायत, द्राक्ष आहे, कर्ज आहे, निर्व्यसनी. लग्न नाही. आमच्या गल्लीत माझ्यासारखे चौघं.

अशीच एक पाहणी आमच्या गावातही झाली होती. त्या पोरानं विचारलं, "वैवाहिक स्थिती?" अविवाहित. झालं, पुढचे लैंगिक आरोग्याचे सगळे प्रश्न त्यानं सोडून दिले, 'लागू नाही'. फॉर्म करणाऱ्यानं धरून चाललंय की अविवाहित म्हणजे कॉलेजातलं पोरगं. झोप लागते का हा प्रश्न मात्र विचारला. त्याला मी 'हो' म्हणून सांगितलं.

---

मिरजमळा

पस्तिशीपार, लिहिलंत ते बरं केलंत.

मी परिचारिका आहे, अशा पाहण्यांत तीन वेळा काम केलंय. आमच्याकडं एक गोष्ट कायम होते : पुरुषाची माहिती त्याची बायको सांगते. 'त्यांचं वय? चाळीस लिहा. दारू? नाही हो.' हे सांगताना नजर चुलीकडं. आशाताईंना गावातलं प्रत्येक घर माहीत असतं, पण पुरुषांच्या लघवीचे प्रश्न त्यांनी विचारायचे कसे आणि त्यानं सांगायचे कसे? आरोग्य सेवक पुरुष असतो, त्याच्या पदरी इतकी गावं की तो येईपर्यंत श्रावण उलटतो. आमच्यातले दोन मुलगे सर्वेक्षक होते, त्यांना मात्र म्हातारे घडाघडा बोलायचे. धार बारीक झाली, रात्री चारदा उठावं लागतं, सगळं. मी खोलीत शिरले की 'तसं काय न्हाई बया'.

व्यसनाचं तर विचारूच नका. "काका, काही व्यसन?" "छे छे." आणि हे म्हणताना डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं चुना मळणं चालू. लबाडी नव्हे ती. आपल्याकडं व्यसन म्हणजे दारू. तंबाखूला कोण व्यसन म्हणतंय? "तंबाखू खाता का?" म्हटलं की लगेच "खातो की, चौथीपासनं." आणि पुडी पुढं करतात.

---

गुंठामंत्री

उत्पन्नाचं कुणी बोललं नाही अजून. विचारता का? विचारलं तर सांगतात का?

---

येरळाकाठचा

विचारतो. सगळे मनातल्या मनात रेशनकार्डाचा रंग आठवून आकडा सांगतात.

---

आकडेमोड

वैद्यकीय महाविद्यालयांत त्यासाठी दोन जुन्या पट्ट्या चालतात. बी. जी. प्रसाद यांची १९६१ ची, ती माणशी मासिक उत्पन्नावर, महागाई निर्देशांकाप्रमाणे सुधारत नेतात. आणि उदय पारीक यांची १९६४ ची, खास खेड्यांसाठी. दुसरीत उत्पन्न विचारतच नाहीत. जात, व्यवसाय, शिक्षण, सार्वजनिक संस्थांतला सहभाग, जमीन, घर, शेतीची ताकद, घरातल्या वस्तू आणि कुटुंब असे नऊ मुद्दे. शेतीची ताकद म्हणजे ओढकामाची जनावरं किती. वस्तूंमध्ये बैलगाडी, सायकल, रेडिओ, खुर्च्या.

---

गुंठामंत्री

मेलो हसून. म्हणजे रेडिओ आणि चार खुर्च्या असल्या की मी गावचा सावकार! आणि ओढकामाची जनावरं आता ठेवतो कोण? बैल आहे तो शर्यतीचा खोंड, खिलार, त्याला सकाळी दूध-अंडी. तो काहीही ओढत नाही, मलाच ओढतो. त्याचे गुण कुठल्या रकान्यात?

जमिनीचंही तसंच. 'किती एकर' विचारून काय कळणार? आमच्याकडं चाळीस गुंठ्याचा एकर, पण पाण्याखालचा एक एकर आणि माळावरचे दहा यांत माळावरचा हरतो. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं त्या वर्षी माझ्या चुलत्याचा दर्जा बदलला, सातबारा तोच. बागायत किती, जिरायत किती हे वेगळं विचारा. आणि एकत्र की विभक्त हे विचारताना घर बघू नका, चूल बघा. आमच्या एका वाड्यात तीन चुली आहेत, रेशनकार्ड दोन आणि सातबारा एकच.

---

जुनी सातवी

जात कशाला विचारायची मी म्हणतो? आरोग्याशी जातीचा काय संबंध? बीपी जात बघून चढतं का?

---

मिरजमळा

काका, बीपी जात बघून चढत नाही, पण वस्ती कुठं, पाण्याचा नळ कुठवर आला, काम कसलं, दवाखान्यात आत आधी कोण जातं, हे तर बघूनच ठरतं ना? मेंढरं घेऊन दिवाळीनंतर खाली गेलेला धनगर आणि कारखान्याचा संचालक, दोघंही तुमच्या फॉर्मवर 'शेती व पशुपालन'.

---

जुनी सातवी

ते व्यवसायात विचारा की मग. जात विचारली की पुढचं माणूस खरं बोलत नाही, आणि चारचौघांत विचारली तर भांडण. अनुभव आहे.

---

संपादक मंडळ

या धाग्यातले जातीवरून वैयक्तिक शेरेबाजी करणारे सहा प्रतिसाद काढले आहेत. मूळ विषयावर बोलावे.

---

आकडेमोड

काढले ते बरं झालं. पण जुनी सातवी यांच्या म्हणण्यात एक खरं आहे. विचारायचं तर एकांतात, आणि छापताना जपून. लहान गाव असलं की तक्त्याचा एकेक चौकोन म्हणजे एकेक माणूस होतो. 'विधुर, साठीपुढचा, माजी सैनिक, अमुक समाज' एवढं छापलंत आणि त्या चौकोनात १ आला, तर आख्खं गाव नाव सांगेल. मग त्याच्यापुढं साखर किती तेही कळलं. असे चौकोन एकत्र करायचे असतात.

---

खटावची लेक

माजी सैनिकांवरून आठवलं. आमच्या सातारा भागात फौजेतून आलेला माणूस शिबिराला सर्वांत आधी हजर, दाढी करून, जुनी कागदपत्रं फाईलमध्ये. अपशिंग्यासारख्या गावात, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, तिथं तुम्ही शिबिर ठेवलंत तर रांग लष्करी शिस्तीत लागेल. बोलावलं की येणारा माणूस आणि न येणारा माणूस यांची तब्येत सारखी नसणार हे मला न शिकताही कळतं.

---

दंडोबा

सहीचं विसरलात. आमच्या तात्यांनी संमतीपत्र हातात घेऊन मागून-पुढून बघितलं आणि विचारलं, "ही सोसायटीच्या कर्जाची तर न्हाई?" शेवटी अंगठा दिला. सही येते, पण दिली नाही. त्यांच्या मते अंगठ्यावर जप्ती येत नाही.

---

येरळाकाठचा

उशिरा लिहितोय, क्षमस्व.

मॅडमना तुमचे प्रतिसाद छापून दिले. त्या नुसत्या वरवर वाचतील असं वाटलं होतं. दोन दिवसांनी बोलावून घेतलं. 'आधी काय काम करत होता, किती वर्षं' हा प्रश्न आला. अविवाहितांना गाळायचं नाही असं ठरलं. तंबाखूला वेगळा प्रश्न आधीपासून होता, आता तो व्यसनाच्या आधी विचारायचा. आबांसाठी वयाचे दोन रकाने झालेत, कार्डाचं आणि अंदाजाचं. गुंठामंत्री, खोंडाचं काही झालं नाही.

आणि कुलूप लावलेल्या घरांची वेगळी वही घातली. शेजाऱ्याला विचारून तिथल्या पुरुषाचं साधारण वय, कुठं असतो, कसल्या कामाला, गावाला कधी येतो, एवढंच लिहायचं, नाव नाही. वही भरत गेली तशी गंमत कळली. सगळे एकाच वेळी येतात, यात्रेला.

म्हणून परवा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या खोलीत टेबल मांडलं. बाहेर पाळणा, पिपाण्या, खेळण्यांची दुकानं, आणि आत शर्टाची बाही दुमडून बसलेले गलाईवाले. लखनौ, हैदराबाद, सेलम, अमृतसर. एक जण कमरेला टेप लावताना पोट इतकं आत ओढून उभा राहिला की टेपच खाली घसरली. बाकीचे म्हणाले, सोड की रं श्वास, मरशील.

एकाला पत्ता विचारला. "कुठला लिवू? इथला का तिथला?" फॉर्मवर एकच ओळ होती. त्यात गाव लिहिलं आणि समासात उभं करून सेलमची गल्ली लिहिली. काल माहिती भरणाऱ्या पोराचा फोन आला, समासातलं कुठं टाकू म्हणून.

---

आकडेमोड

नवा रकाना करायला सांगा. आणि यात्रेच्या दिवशी मोजलेल्या सगळ्यांवर वेगळी खूण करून ठेवा. रात्रभर तमाशाला जागलेला, मटणाचा रस्सा ओरपून आलेला माणूस आहे तो. त्याचं बीपी एकदा साध्या दिवशीही घ्यायला हवं.

---

आटणी

साध्या दिवशी घ्यायचं तर इकडं या. रविवारी भट्टी बंद असते. जिना आतून आहे, दुकानात शिरून हाक मारा.